सायबिणीची जागा

माणूस ख्रिस्ती आहे की नाही याचा निवाडा शेवटच्या दिवशी, सिंहासनासमोर, सगळ्यांच्या देखत होणार आहे, यावर बेळगावातल्या दोन्ही चर्चांचं एकमत होतं. तोपर्यंत थांबायचं, यावर मात्र कुणाचंच नव्हतं.

म्हणून एकोणीसशे पस्तीस सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, उपासना संपून माणसं आपापल्या छत्र्या ओळखत उभी असताना, मिशनच्या पाद्री साहेबांनी शामुएल मास्तरांना दाराशी बाजूला घेतलं आणि विचारलं, "मास्तर, आपली पत्नी ख्रिस्ती आहे काय?"

शामुएल मास्तर मिशनच्या शाळेत दुय्यम मास्तर होते. वय पंचेचाळीस. नोकरी बावीस वर्षांची आणि लग्नही बावीस वर्षांचं; दोन्ही एकाच जूनमध्ये लागली होती. साहेबांचं मराठी फार शुद्ध होतं. पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून ते शिकले होते, आणि त्यांच्या तोंडून साधी विचारपूस आली तरी ती ताम्रपटावरून वाचल्यासारखी वाटे. त्यामुळे प्रश्न आपल्याला नीट कळला नसेल असं समजून मास्तर म्हणाले, "साहेब, ती कॅथलिक आहे."

"ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "मी विचारले, ती ख्रिस्ती आहे काय?"

एवढं बोलून साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, हवेत गारवा फार आहे असं म्हटलं आणि ते मड्डमला घेऊन बंगल्याकडे गेले. उत्तर त्यांना घाईनं नको होतं. मास्तर आपली छत्री घेऊन उभे राहिले. ती उघडायची आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा कोटाचे खांदे भिजले होते. मंडळीचे सेक्रेटरी दानिएल परशराम कोपऱ्यापर्यंत बरोबर आले. दानिएल मिशनच्या दवाखान्यात औषधं बांधून देत, आणि बातम्याही तशाच देत, दिवसातून तीनदा, थोड्या थोड्या. ते म्हणाले की काल कमिटीत विषय निघाला होता. हेडमास्तर दिवाळीला रिटायर होणार, पुढं कोण, असं चाललं होतं, त्यातूनच निघाला. "हेडमास्तराचं घर म्हंजे मंडळीचं घर, मास्तर. बघा बाबा. मी काय म्हणत न्हाय." आणि मग त्यांनी काय काय म्हटलं गेलं ते सगळं सांगितलं. बाईनं मंडळीसमोर उभं राहून पुन्हा पाणी, म्हणजे आपला बाप्तिस्मा, घेतला तर वादच मिटेल, यावर कमिटी उठली होती. एकाचं मत पडलं की कॅथलिक ख्रिस्तीच, कारण क्रूस त्यांच्याकडंही आहे, उलट आपल्यापेक्षा मोठा आहे. दुसऱ्याचं मत, ते हिंदूंपेक्षा वाईट, कारण हिंदूला ठाऊक नसतं म्हणून तो मूर्ती पुजतो, यांना ठाऊक असून पुजतात. तिसरा म्हणाला, सरकार शिरगणतीत त्यांना ख्रिस्ती म्हणूनच मोजतं. त्यावर दानिएल स्वतः म्हणाले होते की सरकार म्हशीसुद्धा मोजतं. हे सांगताना दानिएलना पुन्हा हसू आलं. मास्तरही हसले. हसून झाल्यावर म्हैस म्हणजे आपली बायको, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर कोपरा आला होता.

कॅम्पातल्या सरळ रस्त्यानं घरी जाताना त्यांना वाटलं, हे त्या चौकोनामुळं झालं. गेल्या गुरुवारी मड्डम अचानक घरी आली होती. एरवी ती यायची तर आदल्या दिवशी निरोप असे, आणि निरोप आला की घरात एक काम ठरलेलं होतं. त्यांची बायको फिलुमीन भिंतीवरची सायबीण काढी. सायबीण म्हणजे तिची मरियम माता, निळ्या पदराची, काचेच्या चौकटीतली. खानापूरहून लग्नात आणलेली एवढीच तिची वस्तू. ती काढून ज्वारीच्या कणगीत उभी ठेवायची, वर दाणे ओढायचे, आणि खिळ्याला मिशननं दिलेली बायबलातल्या वचनाची पाटी लटकवायची. मड्डम यायची, चहा घ्यायची, पाटीकडं पाहून मान हलवायची. ती गेली की पाटी पलंगाखाली आणि सायबीण जाग्यावर. पदरानं काचेवरचा भुसा पुसून पुढं दिवा. बावीस वर्षं हे सुरळीत चाललं होतं. तीन साहेब आले आणि गेले, तिघांच्या मड्डमा आल्या आणि गेल्या. गुरुवारी मात्र निरोप आला नाही. गाडी दारात थांबल्याचं ऐकून फिलुमीननं चौकट काढली, कणगीत घातली, आणि पाटी घ्यायला वाकली तोच मड्डम आत. भिंतीवर रिकामा खिळा होता. आणि खिळ्याखाली, बावीस वर्षांच्या दिव्याच्या काजळीत, चुना दिला होता त्या दिवसाइतका पांढरा एक चौकोन होता.

मड्डमनं विचारलं, इथं काय असतं. मास्तर म्हणाले, क्यालेंडर. मड्डमनं चौकोनाखालच्या फळीवर पाहिलं. पणती अजून धूर सोडत होती.

आता चालता चालता मास्तरांना वाटलं, प्रश्न तसा सोपा आहे. व्हय म्हणायचं किंवा न्हाय म्हणायचं. वर्गात ते मुलांना हेच सांगत: प्रश्न नीट वाचा, अर्धं उत्तर प्रश्नातच असतं. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. त्यात त्यांना बायकोपेक्षा आपला बापच दिसू लागला. यल्लाप्पा. निपाणीजवळच्या बोरगावात गावकुसाबाहेरचं घर. प्लेगच्या साली गाव उठवून माळावर झोपड्यांत नेऊन ठेवलं होतं, तेव्हा शामुएल नऊ वर्षांचा आणि त्याचं नाव नुसतंच शामू होतं. आई तिसऱ्या दिवशी गेली. माळावर दोन तंबू होते. एक मिशनचा, एक दाढीवाल्या कॅथलिक पाद्र्याचा. दोघंही पेज देत, दोघंही कपाळाला हात लावून प्रार्थना करत, दोघांच्याही डोळ्यांत पाणी येई. मिशनचा तंबू पन्नास पावलं अलीकडं होता. यल्लाप्पाच्या अंगात ताप होता. पन्नास पावलं म्हणजे थोडी नव्हेत. पुढं मंडळीत साक्ष द्यायची वेळ येई तेव्हा यल्लाप्पा उभा राहून सांगे की मला प्रकाश दिसला. मास्तरांना तो प्रकाश आठवत होता. मिशनच्या तंबूला कंदील होता.

बाप्तिस्म्याआधी गावची विहीर त्यांना बंद होती. बाप्तिस्म्यानंतरही ती बंदच राहिली. कारण तेवढं बदललं. आधी लोक म्हणत, हे यल्लाप्पाचं पोर. मग म्हणू लागले, हे बाटग्याचं पोर. शामू मिशनच्या बोर्डिंगात बेळगावला आला तो त्यानंतर. तिथं पुस्तकातून पहिल्यांदा कळलं की जगात ख्रिस्ताचे शत्रू पुष्कळ आहेत आणि त्यांतला पहिला रोममध्ये राहतो. परीक्षेत त्यांनी त्यावर दीड पान लिहिलं होतं. अक्षर सुंदर म्हणून बक्षीसही मिळालं होतं, एक चाकू. दाढीवाल्या पाद्र्याची पेज त्या काळात त्यांना अधूनमधून आठवे, कारण एकदा मिशनची संपल्यावर बापानं तीही आणली होती. चवीत फरक नव्हता. पण हे दीड पानात बसण्यासारखं नव्हतं.

आणि फिलुमीन. तिची मावशी कॅम्पात एका कॅप्टनाकडं स्वयंपाकाला होती, त्या घरी कॅप्टनाच्या मुलाला मराठी शिकवायला शामुएल जाई. मुलगा मराठी शिकला नाही. लग्न ठरलं तेव्हा ते तिच्या विगाराकडं, म्हणजे तिच्या चर्चच्या पाद्र्याकडं गेले. विगार म्हातारा, गोव्याचा, बोलायला गोड. त्यानं दोघांना बसवून नारळाची वडी दिली आणि सांगितलं की मुलगा आपल्या धर्मात येत असेल तर आनंद आहे; येत नसेल आणि मिशनच्या साहेबानं लग्न लावलं, तर ते लग्नच नव्हे. लोक काहीही म्हणोत, सरकार काहीही लिहो. पोरगी ख्रिस्तावच राहील, पण लग्न न झालेली. शामुएल तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्याला दीड पान तोंडपाठ होतं. लग्न मिशनमध्ये झालं. तेव्हापासून फिलुमीन दर रविवारी पहाटे आपल्या चर्चला जाई, मागच्या बाकावर बसे, आणि बाकीच्या बायका प्रसाद घ्यायला पुढं जात तेव्हा एकटी गुडघ्यांवर राही. तिथून आली की पोलकं बदलून नवऱ्याबरोबर मिशनच्या चर्चला जाई आणि तिथंही मागंच बसे. मास्तरांना आता रस्त्यातच हिशोब सुचला, आणि तो इतका साफ होता की हसू यावं: एका चर्चच्या मते ती ख्रिस्ती होती पण बायको नव्हती, दुसऱ्याच्या मते बायको होती पण ख्रिस्ती नव्हती. दोन्ही चर्चांचं ऐकलं, तर आपल्या घरात चुलीपुढं बसलेली बाई कोण, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

घरी आले तर ती चुलीपुढंच होती. शेजारची अक्काताई उंबऱ्यावर बसली होती. अक्काताईचा नवरा पलटणीत घोड्यांना नाल मारी. तिच्या धाकट्याला गोवर आला होता तेव्हा तिनं सायबिणीला तेल बोललं होतं, आणि पोर उठलं तेव्हापासून दर शनिवारी ती पळीभर तेल आणून ओती. सायबीण कुणाची कोण, याची चौकशी तिनं कधी केली नव्हती. "तुमची देवी लई कडक हाय बगा," एवढंच ती म्हणे. तिच्या लेखी हे सगळे किरिस्ताव. कुणी मोठ्या घंटेचे, कुणी लहान घंटेचे.

चार दिवस मास्तर काही बोलले नाहीत. या चार दिवसांत त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ भाषणं केली. एका भाषणात ते साहेबांना सांगत की माझी पत्नी माझ्यापेक्षा चांगली ख्रिस्ती आहे, आणि साहेब खाली पाहत. दुसऱ्यात ते राजीनामा टेबलावर ठेवत. त्या राजीनाम्याचं अक्षर फार सुंदर होई. पण प्रत्येक भाषणाच्या शेवटी त्यांना हेडमास्तरांची खोली दिसे: खिडकीजवळची खुर्ची, काचेचं कपाट, दारावर पडदा, आणि आत जाताना खाकरणारी माणसं. यल्लाप्पाच्या पोराला खाकरल्याशिवाय आत जाता येईल अशी ती बेळगावातली एकच खोली होती. बावीस वर्षं ते दुसऱ्याच्या खोलीबाहेर खाकरत आले होते. याच्या पलीकडं आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ते कोणत्याच भाषणात येऊ देत नव्हते. ती कॅथलिकांच्या कबरस्तानात होती, भिंतीकडेला, हातभर लांब.

त्यांना एक मुलगा झाला होता. नाव दावीद ठेवायचं ठरलं होतं, मिशनच्या वहीत पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं होतं. पण मे महिना होता, आणि मे महिन्यात तेव्हाचे साहेब महाबळेश्वरी असत. बाप्तिस्मे जूनमध्ये होत. देवाची कृपाही तोवर थंड हवेला गेलेली असे. महिनाभराच्या पोराला ताप भरला तो उतरेना. तिसऱ्या रात्री मास्तर महाबळेश्वरला तार करावी की काय या विचारात तार-ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले, आणि परत आले तेव्हा घरात विगार होता. विगाराला महाबळेश्वरचा भत्ता नव्हता, म्हणून तो मे महिन्यातही गावात असे. पोराचं कपाळ ओलं होतं. फिलुमीननं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पहाटे पोर गेलं. विगार म्हणाला, हा आमचा, बापाचं पाप त्याला नाही, जागा देतो. मास्तरांनी ती घेतली, कारण मिशनच्या कबरस्तानाची किल्ली साहेबांबरोबर महाबळेश्वरला गेली होती. आठवड्यानं तिथं लाकडी क्रूस उभा राहिला आणि त्यावरून त्यांना आपल्या मुलाचं नाव कळलं. इनास. तोवर त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

त्या क्रूसाच्या डाव्या अंगाला, भिंतीपर्यंत, एका माणसाची जागा मोकळी होती. फिलुमीननं ती आपल्यासाठी मागून ठेवली होती. लग्न दुरुस्त झालेलं नसलं तरी मरताना पाप कबूल केलं तर जागा मिळेल, असा विगारानं शब्द दिला होता. अट एकच: दुसऱ्या चर्चचं पाणी घ्यायचं नाही. म्हातारा विगार जाऊन दुसरा आला, त्यालाही तिनं हे सांगून ठेवलं होतं आणि त्यानं वहीत टिपलं होतं. दर नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, ती तिथं मेणबत्ती लावी आणि त्या मोकळ्या जागेतलं गवत काढी. मास्तर एकदा बरोबर गेले होते. गवत काढून झाल्यावर तिनं ती जागा, बाजारात पलंगाची लांबी बघावी तशी, नजरेनं पाहिली होती. बाई जरा उंच होती.

पाचव्या दिवशी जेवताना तिनंच विषय काढला. भाकरी तव्यावर होती, तिच्याकडंच बघत ती म्हणाली, "मड्डमनं चौकोन बघितला तवाच मला कळलं. काय म्हन्त्यात साहेब?"

मास्तरांनी सांगितलं. कमिटी, हेडमास्तराचं घर, मंडळीसमोर उभं राहणं, पुन्हा पाणी. म्हैस तेवढी गाळली. सांगताना त्यांचा आवाज मुद्दाम कोरडा होता, आणि मनात एक आशा होती, ती अशी की ही आता ताट सरकवेल, रडेल, इनासचं नाव घेईल, मी मरेन पण पाणी घेणार नाही म्हणेल. मग ते रागावले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि नंतर साहेबांना जाऊन सांगितलं असतं की बाई ऐकत नाही. हेडमास्तराची जागा गेली असती, पण बावीस वर्षांचा संसार जपणारा माणूस म्हणून त्यांना उरलेला जन्म स्वतःकडं पाहता आलं असतं. ही सोय त्यांना फार हवी होती.

फिलुमीननं भाकरी उलटली. "घेते पानी," ती म्हणाली. "पर एक सांगा. त्येच्यानं तुमी हेडमास्तर होताय न्हवं? नक्की?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

"मग झालं तर." आणि तिनं भाकरी त्यांच्या ताटात टाकली. तिचा राग त्यांना कुठं दिसेना. बायकोला कबरीपेक्षा नवऱ्याची खुर्ची मोठी वाटते, याचा माणसाला अभिमान वाटायला हवा. ती भाकरी त्यांनी खाल्ली; चांगली फुगलेली होती.

शनिवारी अक्काताई तेल घेऊन आली तेव्हा फिलुमीननं सायबीण तिच्या हातात दिली. का, ते सांगितलं नाही, आणि अक्काताईनंही विचारलं नाही. तिनं चौकट पदरात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "आमच्या यल्लम्माच्या अंगाला ठेवते. भांडत न्हाईत त्या." मास्तर आरामखुर्चीत वहीच्या मागं बसून हे ऐकत होते. भिंतीवरच्या चौकोनाला त्यांनी रविवारी चुना दिला. चुना वाळल्यावर चौकोन आणखीच पांढरा दिसू लागला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी मंडळी नेहमीपेक्षा जास्त जमली. हिंदू घरातून कुणी आलं तर लोक डोळे पुसत. त्या दिवशी कुणी डोळे पुसले नाहीत, सगळे माना उंच करून बघत होते. फिलुमीन पांढरं लुगडं नेसून पहिल्यांदाच पुढं उभी होती. इतक्या वर्षांत तिला पुढून पाहायची मंडळीला सवय नव्हती. साहेबांनी शुद्ध मराठीत प्रश्न विचारले. ती मूर्तिपूजेचा त्याग करते काय? व्हय. रोमच्या अधिकाराचा त्याग करते काय? व्हय. रोम कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक असलेला अधिकार विगाराच्या वहीपलीकडं कधी गेला नव्हता. मग साहेबांनी कागद खाली केला आणि विचारलं, "आजपर्यंत आपण ख्रिस्ती नव्हता, हे आपण मान्य करता काय?"

छपरावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मास्तर पहिल्या बाकावर होते. त्यांना तार-ऑफिसची पायरी आठवली, दगडाचा गारवा, आणि आपण तार केली नाही याचं कारण आठवलं. तारेत काय लिहायचं हे त्यांना सुचलं नव्हतं. सुंदर अक्षर असलेल्या माणसाला ओळ सुचली नव्हती. फिलुमीन वळली आणि सगळ्या मंडळीदेखत त्यांच्याकडं पाहून तिनं सांगितलं, "मास्तर म्हनतील तसं."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. उभी की आडवी, हे त्यांना नंतर कितीही आठवून पाहिलं तरी आठवलं नाही. साहेबांनी ती उभी धरली. पाणी डोक्यावर पडलं, केसांतून कपाळावर आलं. नवं नाव ठेवायचं ठरलं होतं, आणि साहेबांनी बायबलातलं चांगलं नाव निवडलं होतं. मरिया. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. दानिएलनी वहीत नोंद केली आणि चहाच्या वेळी मास्तरांना म्हणाले की आता बाई खऱ्या अर्थानं आपल्यात आल्या. मास्तरांनी विचारलं, खोलीचा पडदा बदलायचा झाला तर तो शाळेच्या खर्चातून होतो काय. दानिएल हसले आणि म्हणाले, सगळं होतं.

बातमी दुसऱ्या चर्चला पोचायला अर्धा दिवस लागला, कारण मधे बाजार होता. विगारानं काही बोलाचाली केली नाही. वहीतली एक ओळ खोडली आणि राखणदार रवळूबरोबर निरोप पाठवला की क्रूस राहील, पोराचा दोष नाही. बाईनं मात्र यापुढं आवारात येऊ नये. रवळू निरोप देऊन उंबऱ्यावरच घुटमळत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी काय करू सांगा. आजपातूर तुमी पापी हुता, तवर चालत हुतं."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला ती तरीही गेली. मास्तर म्हणाले, मी येतो. ती म्हणाली, या. कबरस्तानाच्या फाटकात रवळू उभा होता, आणि आत सगळीकडं मेणबत्त्या लागल्या होत्या. दिवसाउजेडी त्यांच्या ज्योती दिसत नव्हत्या, नुसती त्यांच्या वरची हवा हलताना दिसत होती. फिलुमीन फाटकापासून चार हात अलीकडं थांबली. रवळूला आडवं यावं लागलं नाही. मास्तरांना वाटलं आता आपण काहीतरी बोलावं, निदान रवळूशी तरी. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात मागून अक्काताई आली. काखेत पोर, हातात मेणबत्ती. तिनं फिलुमीनच्या हातातली मेणबत्तीही घेतली आणि सरळ आत निघाली. रवळूनं तिला अडवलं नाही. हिंदूंना बंदी नव्हती.

"कुठलं गं?" तिनं आतून ओरडून विचारलं.

"भिंतीकडचं. बारकं," फिलुमीन बाहेरून म्हणाली. "गवत आलंय बग डाव्या अंगाला."

अक्काताईनं मेणबत्त्या लावल्या, पोर खाली ठेवलं, आणि बसून गवत उपटलं. मग मोकळ्या जागेवर पाय पसरून ती घटकाभर टेकली, कारण चालून आली होती. फिलुमीन रस्त्यावरून ते बघत होती. मास्तर तिच्याकडं बघत होते. ती रडेल असं त्यांना अजूनही वाटत होतं. पण तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला. तुमच्या खोलीला पडदा घ्यायचाय न्हवं."

पडदा त्यांनी घेतला. निळा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी तो कागदात गुंडाळून, काखेत घेऊन ते शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर एक तरुण गृहस्थ बसले होते. काळी टोपी, स्वच्छ उपरणं. मास्तर सवयीनं खाकरले. गृहस्थ उठून उभे राहिले, नमस्कार केला, आपलं नाव नेमिनाथ चौगुले म्हणून सांगितलं आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. बोलणं फार सभ्य होतं. टिळकवाडीत घर भाड्यानं घेतलं होतं, बायको पद्मावती सामान लावत होती, तिला इथलं पाणी मानवेल की नाही एवढी काळजी होती. मग त्यांनी विचारलं की मास्तरांचं मूळ गाव बोरगाव ना? आपलंही बोरगावच. म्हणजे आपण गावकरी निघालो. मास्तर व्हय म्हणाले. चौगुल्यांची विहीर त्यांना ठाऊक होती. पाणी गोड होतं, असं लोक म्हणत.

मधल्या सुट्टीत ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. जाताना भाषण तयार केलं नव्हतं. साहेबांनी त्यांना आदरानं बसवलं, पत्नीची प्रकृती विचारली, आणि मास्तरांचं म्हणणं काय आहे हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना खरंच दुःख झालं. ते म्हणाले, "मास्तर, मी आपल्या पत्नीच्या आत्म्याविषयी विचारले होते. पदाविषयी मी एक शब्द तरी बोललो काय?" मास्तरांनी आठवून पाहिलं. बोलले नव्हते. नवा हेडमास्तर जैन असल्याबद्दल कमिटीत चर्चा झाली नाही का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, त्यात कसली चर्चा. ते कुठं ख्रिस्ती असल्याचा दावा करतात?

मग साहेबांनी सांगितलं की हा प्रश्न ग्रँटचा आहे. हायस्कूलला सरकारी ग्रँट हवी तर हेडमास्तर बी. टी. ही शिकवण्याची पदवी घेतलेला पाहिजे, असा नियम आला आहे. चौगुले बी. ए., बी. टी. आहेत. शामुएल मास्तरांकडं दुय्यम शिक्षकाचं सर्टिफिकेट होतं, बी. टी. नव्हती. परिपत्रक ऑफिसच्या कपाटातच आहे, पाहून घ्या.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी चौगुल्यांची परवानगी घेऊन काचेचं कपाट उघडलं. परिपत्रक वरच्याच फायलीत होतं. दोन वर्षांपूर्वीचं. मूळ इंग्रजी कागद साहेबांकडं राहिला होता आणि फायलीत त्याची नक्कल होती. नक्कल मास्तरांनीच केलेली होती. अक्षर सुंदर होतं.